टॅब्लॉइड : आकार, स्वभाव की गोळी?

प्रश्न असा आलाय : एका इंग्रजी कथेचा अनुवाद चाललाय, त्यात महानगरातला एक वकील आहे. तो रोज सकाळी एक टॅब्लॉइड विकत घेतो आणि ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरायच्या आधी ते दुसऱ्या भारदस्त पेपरच्या घडीत सरकवून टाकतो. अनुवादकाने 'लघुआकारी दैनिक' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'सनसनाटी वृत्तपत्र' केलं, आता दोघांची जुंपलीय. बरोबर कोण? आणि जाता जाता, लपवून वाचावं असं त्यात असतं तरी काय?

मला विचाराल तर दोघांनी एकच शब्द अर्धा अर्धा वाटून घेतलाय आणि ज्या अर्थापासून तो सुरू झाला तो दोघांच्याही हातातून निसटलाय.

गंमत म्हणजे हा शब्द मुळात पेपरवाल्यांचा नाहीच, औषधवाल्यांचा आहे. लंडनमध्ये बरोज वेलकम नावाची कंपनी होती, मालक दोघंही मूळचे अमेरिकन, त्यांनी १८८४ मध्ये 'टॅब्लॉइड' हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं, कशासाठी तर यंत्रात दाबून घट्ट केलेल्या औषधाच्या गोळ्यांसाठी. मोजूनमापून घ्यायची पावडर आता एवढ्याशा गोळीत आली. पुढे याच नावाने चहा निघाला, फोटो धुवायची रसायनं निघाली. नाव इतकं तोंडात बसलं की जे काही छोटं आणि ठासून भरलेलं असेल त्याला लोक टॅब्लॉइड म्हणायला लागले. कंपनी चिडली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९०३ च्या निकालात न्यायाधीशांनी ट्रेडमार्क कंपनीचाच म्हटला खरा पण हेही मान्य केलं की या शब्दाला आता 'कुठल्याही गोष्टीचा दाबून लहान केलेला डोस' असा दुसरा अर्थ आलाय. तोवर पेपरवाल्यांनी तो उचललाही होता. १ जानेवारी १९०१ ला जोसेफ पुलित्झरने आपला 'न्यूयॉर्क वर्ल्ड' एका दिवसापुरता लंडनचा वृत्तपत्रमालक आल्फ्रेड हार्म्सवर्थच्या हातात दिला, त्याने लहान आकाराचा, तोकड्या बातम्यांचा अंक काढून दाखवला आणि विसाव्या शतकाचा पेपर असा असेल म्हणून सांगितलं.

म्हणजे क्रम बघा. आधी 'दाबून बसवलेलं', त्यावरून 'आटोपशीर बातम्या', मग 'अर्ध्या आकाराचा कागद', आणि बदनामी सगळ्यात शेवटी. अनुवादकाने तिसरा अर्थ धरला, संपादकांनी चौथा.

आकार आणि स्वभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा पुरावा हवा असेल तर दोन्ही बाजूंनी मिळतो. लंडनच्या 'द इंडिपेंडंट'ने २००३ मध्ये आणि 'द टाइम्स'ने त्याच्या पाठोपाठ आकार लहान केला तेव्हा ते स्वतःला टॅब्लॉइड म्हणायला तयार नव्हते, 'कॉम्पॅक्ट' म्हणा म्हणाले. कागद तोच, पण नावाला वास येत होता ना! उलट 'पीत पत्रकारिता' म्हणजे भडक, सनसनाटी बातमीदारी हा शब्द ज्यांच्यावरून निघाला ते पुलित्झरचा 'वर्ल्ड' आणि हर्स्टचा 'जर्नल' हे १८९० च्या दशकातले चांगले लांबरुंद पेपर होते, आणि तिथला पिवळा रंग हा एका व्यंगचित्रातल्या पिवळा झगा घातलेल्या पोराचा, ज्याला दोघांनी एकमेकांकडून ओढायचा प्रयत्न केला. त्यामुळे टॅब्लॉइडला सरसकट 'पीतपत्र' करू नका प्लीज. एकतर ते चूक आहे आणि दुसरं म्हणजे मराठीत पिवळी पुस्तकं म्हटलं की वाचकाच्या डोळ्यासमोर भलतंच काहीतरी येतं.

आता त्या वकिलाकडे. तो का वाचतो? मी स्वतः असले पेपर चवीने वाचतो त्यामुळे त्याची बाजू घेणं सोपं आहे. पहिली गोष्ट म्हणजे हा पेपर संपतो. भारदस्त पेपर कधी संपत नाही, अग्रलेख राहिला, अर्थसंकल्पाचं विश्लेषण राहिलं, अपराधी वाटत राहतं. टॅब्लॉइड गर्दीच्या गाडीत एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने उलटता येतो, शेजाऱ्याच्या नाकाला कागद लागत नाही, शेवटच्या पानावरून म्हणजे खेळापासून सुरुवात करून उलटं येता येतं. न्यूयॉर्कचा 'डेली न्यूज' १९१९ मध्ये सुरू झाला तोच मुळी फोटोंचा पेपर म्हणून, त्याच्या नावात आजही कॅमेऱ्याचं चित्र आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मोठ्या पेपरात शहर म्हणजे महापालिका, धोरण, प्रकल्प. टॅब्लॉइडमध्ये शहर म्हणजे लिफ्टमध्ये तीन तास अडकलेली बाई, पाइप फुटून बुडालेलं तळघर, घरमालकाने हीटर बंद ठेवला म्हणून ओव्हरकोट घालून झोपणारी म्हातारी, आणि प्रत्येकाच्या नावापुढे कंसात वय. ते कंसातलं वय मला फार आवडतं, बातमीशी त्याचा काडीचा संबंध नसतो पण '३४' वाचलं की माणूस उभा राहतो. लाखो लोकांच्या शहरात शेजारच्या बिल्डिंगमध्ये काय झालं हे कळायची दुसरी सोय नसते, ते चाळीच्या जिन्यावरच्या गप्पांचं काम हा पेपर करतो.

आणि मथळे. भाषेची आवड असणाऱ्याने टॅब्लॉइडचे मथळे वाचलेच पाहिजेत. २९ ऑक्टोबर १९७५ ला अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड यांनी भाषण केलं की दिवाळखोरीच्या काठावरच्या न्यूयॉर्कला केंद्राच्या पैशाने वाचवणारं विधेयक आलं तर मी नकाराधिकार वापरीन. दुसऱ्या दिवशी 'डेली न्यूज'चं पहिलं पान : 'फोर्ड टू सिटी : ड्रॉप डेड'. फोर्ड यांनी हे दोन शब्द उच्चारलेच नव्हते, आणि नंतर काही आठवड्यांतच त्यांनी शहराला कर्ज द्यायच्या कायद्यावर सहीही केली, पण मथळा चिकटला तो चिकटलाच. मराठीत कसा कराल? 'मरा' फार कोरडं, 'मसणात जा' मध्ये पर्सनल राग येतो. मी 'फोर्ड म्हणतात, शहर गेलं खड्ड्यात' असं करीन. बघा, अख्खं भाषण गोळीत दाबलं आणि अर्थ म्हटलं तर तोच राहिला, म्हटलं तर राहिला नाही.

दुखणं इथेच आहे. दाबताना काहीतरी बाहेर पडतंच, आणि बातमी दाबताना सगळ्यात आधी काय पडतं माहितीय? 'म्हणे'. आपल्या भाषेतला हा केवढा कामाचा शब्द आहे, 'त्यांचं फाटलंय म्हणे' असं म्हटलं की मी पाहिलेलं नाही, कुणीतरी सांगितलं, खरंखोटं तुम्ही बघा, एवढं सगळं दोन अक्षरांत येतं. आतल्या पानावरच्या बातमीत हे 'म्हणे' पोलिसांच्या म्हणण्यानुसार, सूत्रांनी सांगितलं, आरोप आहे, अशा रूपात असतं. पहिल्या पानावर येईपर्यंत ते गळतं. फार तर त्याच्या जागी एक प्रश्नचिन्ह उरतं, ते पण मोठ्या अक्षरांच्या मागे लपून उभं असल्यासारखं.

याची किंमत कुणीतरी दुसराच देतो. एप्रिल १९८९, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क, धावायला गेलेल्या एका तरुणीवर भयानक हल्ला झाला आणि १४ ते १६ वयाची पाच पोरं पकडली, सगळी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. शहरातल्या टॅब्लॉइडांनी 'वुल्फ पॅक' म्हणजे लांडग्यांची टोळी हा शब्द चालवला, 'वाइल्डिंग' म्हणजे टोळक्याने धुडगूस घालत फिरणं, असा एक शब्दही त्याच वेळी घरोघर पोचला, आणि मोठे पेपर पण यात मागे नव्हते हे सांगायला हवं. खटला उभा राहायच्या आधी भाषेने निकाल दिला होता, कारण लांडग्याला कुणी 'कथित लांडगा' म्हणत नाही. शिक्षा झाल्या, वर्षं गेली, मग दुसऱ्याच माणसाने कबुली दिली, डीएनए त्याच्याशी जुळला, आणि २००२ मध्ये पाचही जणांची दोषसिद्धी रद्द झाली.

बाकीचे तोटे किरकोळ म्हणणार नाही पण ओळखीचे आहेत. रोज वाचलात तर शहरात पावलोपावली खून पडतायत असं वाटायला लागतं, चुकीच्या बातमीचा खुलासा आतल्या पानावर चार ओळींत येतो, आणि कुणाच्या तरी दारातला रडणारा फोटो बघून आपण पान उलटतो आणि मग त्या उलटण्याचंच थोडं वाईट वाटतं. वकील लपवतो ते बहुतेक यासाठी.

आता मराठी प्रतिशब्द. इंग्रजीने औषधाची गोळी घेतली, आपण या सगळ्या कारभारासाठी ताटातले शब्द घेतलेत : खमंग बातमी, चुरचुरीत मजकूर, चवीने वाचणं, चघळायला विषय, तिखटमीठ लावून सांगणं. त्यामुळे मी बराच काळ असं समजून होतो की गोळीची कल्पना मराठीला परकी आहे. मग एक दिवस बोलता बोलता कुणीतरी म्हणालं 'त्याने पुडी सोडून दिली' आणि मी थबकलोच. पुडी! वैद्य औषधाची देतो ती पण पुडी, आणि उठवलेली अफवा ती पण पुडी. म्हणजे कागदात बांधलेला छोटा डोस ते सांगोवांगीची बातमी हा प्रवास आपणही केलाय, फक्त आपली पुडी बदनाम झाली आणि कधी पेपर झाली नाही. 'पुडीपत्र' म्हणायचा मोह होतो, पण नको, वाचक किराणा दुकानात जाऊन पोचेल.

तर 'टॅब्लॉइड'च ठेवा. लिंगाचं विचाराल तर वृत्तपत्रावरून 'ते टॅब्लॉइड' म्हणणारे आहेत, पेपरवरून 'तो टॅब्लॉइड' म्हणणारेही आहेत, मीच वर दोन्ही केलंय, पण छापताना एकच काय ते ठरवा. कथेत मी नपुंसकलिंग घेईन. आणि 'सनसनाटी' किंवा 'लघुआकारी' असं कुठलंही विशेषण मागे लावू नका, कारण त्या वाक्यात दोन्ही अर्थ आधीच कामाला लागलेत. लहान आहे म्हणून ते दुसऱ्या पेपरच्या घडीत मावतं, आणि बदनाम आहे म्हणून मावावं लागतं. मी असं करीन : 'लिफ्टचं दार उघडलं तसं त्याने टॅब्लॉइड भारदस्त पेपरच्या घडीत सरकवलं आणि अग्रलेखाची बाजू वर केली.' मूळ वाक्यात अग्रलेख नसेल तर शेवटचे पाच शब्द काढा, संपादक तसेही काढतीलच.