मित्राची गाडी, ब्रिटन आणि ‘फुल इन्शुरन्स आहे’ हे वाक्य

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात मँचेस्टरला मित्राकडे जाताय, त्याची गाडी घेऊन आठवडाभर स्कॉटलंड फिरायचा बेत आहे, आणि मित्र म्हणतो, ‘गाडीला फुल इन्शुरन्स आहे, बिनधास्त ने.’ हे वाचलं आणि पोटात गोळा आला. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीनेही मला हेच सांगितलं होतं. त्या चार दिवसांच्या सहलीचं निस्तरायला आम्हा दोघींना पुढे जवळजवळ वर्ष लागलं.

लायसन्सबद्दल लिहीत बसत नाही. पर्यटक म्हणून गेलात तर आपलं भारतीय लायसन्स तिथे १२ महिने चालतं, हे तुम्ही पाहिलेलंच असणार. घोळ विम्यात होतो, कारण आपल्या डोक्यात विमा गाडीचा असतो. आपल्याकडे मालकाची परवानगी आणि वैध लायसन्स असलं की भाऊ, मेव्हणा, ड्रायव्हर, कुणीही गाडी नेतो, त्यांची नावं कुठे लिहिलेली नसतात. ब्रिटनमध्ये बहुतेक घरगुती गाड्यांची पॉलिसी तिच्यात नावं असलेल्या माणसांपुरतीच असते. तुमचं नाव नसेल तर तुम्ही स्टिअरिंगवर असताना त्या गाडीला विमाच नाही. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ या शब्दाने नुकसान काय काय भरून मिळेल ते ठरतं, गाडी कोण चालवू शकतो ते नाही.

विम्याशिवाय गाडी चालवताना सापडलात तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट (म्हणजे गुन्ह्याबद्दल लायसन्सवर नोंदले जाणारे दंडाचे गुण), प्रकरण कोर्टात गेलं तर दंडाला कमाल मर्यादा नाही, आणि पोलीस गाडी जप्तही करू शकतात. तुमच्या मित्राने हे नीट वाचावं: विमा नसलेल्या माणसाला गाडी चालवू देणं हा मालकाचाही गुन्हा आहे आणि त्यालाही ६ ते ८ पॉइंट बसतात. तो तिथे नवा असेल आणि ब्रिटिश लायसन्स काढून त्याला दोन वर्षं झाली नसतील, तर ६ पॉइंटला लायसन्स रद्द होतं. पुन्हा लर्निंगपासून सुरुवात.

मित्र कदाचित म्हणेल, ‘माझ्या पॉलिसीत दुसऱ्याची गाडी चालवायची सोय आहे.’ ती सोय त्याने दुसऱ्याची गाडी चालवली तर आहे, तीही सहसा फक्त थर्ड पार्टीपुरती. तुम्ही त्याची गाडी चालवण्याशी तिचा काही संबंध नाही.

आता आमची चूक. आम्ही एवढं सगळं माहीत करून घेतलं होतं. मैत्रिणीने विमा कंपनीला फोन करून माझं नाव जादा ड्रायव्हर म्हणून घालून घेतलं, थोडे पैसे भरले. मेलवर सर्टिफिकेट आलं, त्यात माझं नाव होतं, स्पेलिंगसुद्धा बरोबर. आम्ही खूश. त्याच मेलला आणखी एक फाइल जोडलेली होती, स्टेटमेंट ऑफ फॅक्ट नावाची. कंपनीने तुमच्याबद्दल काय माहिती धरली आहे ते त्यात असतं. ती आम्ही उघडली नाही. तिथे माझ्या नावापुढे लायसन्सचा प्रकार ‘फुल यूके’, म्हणजे ब्रिटनचं पक्कं लायसन्स, असा लिहिलेला होता.

लेक डिस्ट्रिक्ट या उत्तर इंग्लंडमधल्या डोंगराळ भागात, कोनिस्टन गावाच्या पुढे एक अरुंद रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना कोकणातल्या गडग्यांसारख्या, चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडी भिंती. मी चिपळूणची, वीस वर्षं घाटात गाडी चालवलेली, त्यामुळे रस्त्याची भीती वाटली नाही. समोरून व्हॅन आली, मी डावीकडे घेतलं आणि गडग्यातून बाहेर आलेल्या एका दगडाने पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत पत्रा फाडत नेला. व्हॅनचा आरसाही गेला. तो कर्रर्र आवाज मला अजून ऐकू येतो. माणसांना काही झालं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं.

कंपनीने व्हॅनवाल्याचे पैसे भरले. मैत्रिणीच्या गाडीचा क्लेम आला तेव्हा त्यांनी माझं लायसन्स मागितलं, महाराष्ट्राचं कार्ड पाहिलं आणि कळवलं की माहिती चुकीची दिली होती. भारतीय लायसन्स धरून हप्ता बराच जास्त झाला असता, म्हणून क्लेमही त्याच प्रमाणात कापणार. असं कापता येतं, २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यात तशी तरतूद आहे. मैत्रीण म्हणत होती, मी खोटं बोललेच नाही. रोज नवा माणूस फोनवर, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, आणि उत्तर एकच: ‘आमच्या रेकॉर्डला फुल यूके आहे.’ ते रेकॉर्ड कुणी भरलं, हे विचारलं की पुन्हा होल्डवर. अर्धा तास ते संगीत ऐकायचं आणि फोन कट. तिची नोकरी, लहान मूल, आणि हे सगळं माझ्या सहलीमुळे. या गोष्टीचा मला आजही फार त्रास होतो.

शेवटी तिच्या ऑफिसातल्या एकाने सुचवलं, फोनचं रेकॉर्डिंग माग. तिथे आपली वैयक्तिक माहिती कंपनीकडून फुकट मागता येते, साधारण महिन्याभरात द्यावी लागते. रेकॉर्डिंग आलं. त्यात कंपनीच्या बाईंनी विचारलं होतं, ‘फुल लायसन्स आहे का?’ मैत्रीण म्हणाली, ‘हो, फुल.’ कुठल्या देशाचं, हा प्रश्नच विचारला नव्हता. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केली, कंपनीला उत्तर द्यायला आठ आठवडे असतात. त्यांनी नकार दिल्यावर फायनान्शियल ओम्बुड्समनकडे, म्हणजे ग्राहक आणि वित्तीय कंपन्यांमधले वाद सोडवणाऱ्या संस्थेकडे, गेलो. ती सेवा ग्राहकाला फुकट आहे, फक्त कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर ६ महिन्यांच्या आत जावं लागतं. निकाल मैत्रिणीच्या बाजूने लागला, कापलेले पैसे मिळाले. पण अपघातातली चूक माझीच धरली गेल्यामुळे तिचा नऊ वर्षांचा नो-क्लेम बोनस घसरला तो घसरलाच, पुढच्या वर्षीचा हप्ता वाढला. मी फरक देऊ केला, तिने घेतला नाही.

म्हणून माझं ठाम मत: मित्राच्या पॉलिसीत नाव घालूच नका. तुमच्या स्वतःच्या नावाने, त्याच गाडीवर, तेवढ्या दिवसांची तात्पुरती पॉलिसी घ्या. एका दिवसापासून साधारण महिन्याभरापर्यंतची मिळते. ती वेगळी पॉलिसी असल्याने गाडी घासली तरी क्लेम सहसा तिच्यावरच होतो, मित्राचा बोनस शाबूत राहतो. सगळ्या कंपन्या परदेशी लायसन्स घेत नाहीत, काही घेतात. फॉर्ममध्ये लायसन्सच्या यादीत बऱ्याचदा ‘फुल यूके’ आधीच निवडलेलं असतं, ते बदला. एक्सेस किती, म्हणजे क्लेममधली पहिली किती रक्कम तुमच्या खिशातून जाणार, तेही बघा. आपल्याकडून काढलेल्या ट्रॅव्हल इन्शुरन्सवर भिस्त ठेवू नका, गाडी चालवताना दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीची जबाबदारी त्यातून सहसा वगळलेली असते. तात्पुरती पॉलिसी मिळालीच नाही तर सरळ भाड्याची गाडी घ्या. महाग पडेल, पण मित्राच्या घरात दुसऱ्या दिवशी चहा पिताना मान खाली घालावी लागणार नाही.

मी विम्यातली जाणकार नाही, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पॉलिसीगणिक नियम बदलतात, तेव्हा कंपनीला विचारा आणि उत्तर मेलवरच घ्या.

जाता जाता एक. स्पीड कॅमेऱ्याची नोटीस गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या घरी जाते, आणि चालवत कोण होतं ते त्याला २८ दिवसांत कळवावं लागतं. निघण्यापूर्वी तुमच्या लायसन्सचा फोटो, पूर्ण नाव आणि भारतातला पत्ता त्याला देऊन ठेवा. लंडनकडे जाणार असाल तर लंडनच्या पूर्वेला टेम्स नदीवरच्या डार्टफर्डच्या पुलावर टोलनाकाच नाही, पैसे दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरायचे असतात. विसरलात तर दंडाचं पत्र मित्रालाच.

तरीही मित्राच्याच पॉलिसीत नाव घालायचं ठरलं, तर कागद आले की सर्टिफिकेट बाजूला ठेवा, स्टेटमेंट ऑफ फॅक्ट उघडा आणि तुमच्या नावापुढची लायसन्सची ओळ दोघांनी मिळून वाचा. तिथे ‘फुल यूके’ दिसलं तर ते लेखी दुरुस्त होऊन येईपर्यंत किल्ली हातात घेऊ नका.