भिंतीच्या आत गेलेले पैसे

घराच्या रिनोव्हेशनवर प्रश्न पाठवा म्हटलं आणि पत्रांचा ढीगच लागला. वाचताना लक्षात आलं की शब्द वेगवेगळे असले तरी निम्म्याहून जास्त जणांना एकच विचारायचंय, 'ताई, टोटल किती लागतील?' तो आकडा मी देणार नाहीये हे आधीच सांगून टाकते, कारण रेट जागेप्रमाणे बदलतो, सहा महिन्यांत बदलतो, एकाच बिल्डिंगमध्ये तळमजल्याला एक आणि लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्याला दुसरा असतो. पण पैसे जातात कुठे आणि कोटेशन फुगतं कुठे हे नक्की सांगू शकते, आयुष्याची बरीच वर्षं एस्टिमेट काढण्यातच गेलीयेत.

प्रश्न: बाथरूमसाठी तीन कॉन्ट्रॅक्टरकडून कोटेशन घेतली. सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं यात जवळजवळ दुप्पट फरक आहे. स्वस्तवाला फसवतोय की महागवाला लुटतोय?

उत्तर: बहुतेक वेळा दोघंही नाही, दोघं वेगवेगळ्या कामाचा भाव सांगतायत. तुम्ही कोटेशनचे फोटो पाठवलेत म्हणून बरं झालं. स्वस्तवाल्याने लिहिलंय 'बाथरूम कम्प्लीट, मटेरियलसहित' आणि खाली एक रक्कम, बस. महागवाल्याने चौदा ओळी लिहिल्यात, त्यात तोडफोड आहे, डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा मलबा, खाली उतरवून गाडीत भरणं आहे, पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन बदलणं आहे, वॉटरप्रूफिंग आहे, प्लास्टर आहे, टाइल्स वेगळ्या आणि टाइल्स लावायची मजुरी वेगळी, इलेक्ट्रिकचे पॉइंट वेगळे, दरवाजासुद्धा आहे. आता मला सांगा, पहिल्याच्या 'कम्प्लीट'मध्ये डेब्रिज आहे का? नळ आणि कमोड तो आणणार की तुम्ही? जुनी लाइन तशीच ठेवून वरून टाइल्स चिकटवणार असेल तर तेही त्याच्या भाषेत कम्प्लीटच असतं!

असं करा, महागवाल्याच्या चौदा ओळी एका कोऱ्या कागदावर उतरवा, रेट न लिहिता. प्रत्येक ओळीपुढे चार रकाने पाडा: किती, काय रेटने, कुठल्या ब्रँडचं किंवा कुठल्या जाडीचं, आणि कोण आणणार. तोच कागद तिघांनाही भरायला द्या. मी शंभरातल्या नव्वद वेळा बघितलंय की कागद भरून परत आला की फरक निम्म्यावर येतो. जो कागद भरायलाच कंटाळा करतो त्याच्याकडे काम देऊ नका, काम सुरू झाल्यावर तो एक्स्ट्राचा हिशोब मात्र न कंटाळता देईल.

प्रश्न: एवढं लेक्चर नको, स्क्वेअर फुटाला किती धरायचे तेवढं सांगा ना.

उत्तर: रागावू नका, पण त्याच प्रश्नात घोळ आहे. फ्लोअरिंगला आणि रंगाला स्क्वेअर फूट ठीक आहे. पूर्ण घराला एकच रेट लावला की बाथरूम आणि किचन तुम्हाला आडवं पाडतात.

हिशोबच करून बघू. बाथरूम 4 फूट बाय 8 फूट, म्हणजे जमीन फक्त 32 स्क्वेअर फूट. पण टाइल्स भिंतीलाही लागतात ना, चारी बाजू मिळून 24 फूट, 7 फूट उंचीपर्यंत लावल्या तर 168, त्यातून दरवाजाचे साधारण 17 वजा करा, राहिले दीडशे. जमीन धरून झाले 182 स्क्वेअर फूट, आणि कटिंगमध्ये वाया जाणाऱ्या 10 टक्के मिळवल्या की 200 च्या घरात. आता 10 बाय 12 ची बेडरूम घ्या. जमीन 120, आणि 4 इंची स्कर्टिंगचे, म्हणजे भिंतीच्या पायथ्याला लावायच्या पट्टीचे, फार तर 14. म्हणजे जवळजवळ चौपट मोठ्या खोलीला टाइल्स कमी लागल्या! आणि हे नुसतं टाइल्सचं झालं, बेडरूममध्ये ना पाइप ना ट्रॅप (पाणी जायचं जमिनीतलं जाळीचं भोक) ना वॉटरप्रूफिंग, बाथरूममध्ये गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, टाइल्सवाला सगळे त्या 32 फुटात एकमेकांच्या पायात पाय घालत काम करतात आणि एकाचं संपेपर्यंत दुसरा बसून राहतो. ते बसून राहणं पण तुमच्याच बिलात येतं.

अजून एक, टाइल्स तिरक्या लावायच्या असतील तर 10 च्या जागी 15 टक्के जास्त धरा. आणि छोट्या बाथरूमला भल्यामोठ्या टाइल्स घेऊ नका असं माझं मत आहे. दिसतात छान, पण ट्रॅपकडे उतार काढताना त्या कापाव्याच लागतात, आणि मोठी टाइल कापली की वाया पण मोठाच तुकडा जातो.

प्रश्न: घर चाळीस वर्षं जुनं आहे, आमचं बजेट ठरलंय, त्यात बसेल असं कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय. वर किती बाजूला ठेवू?

उत्तर: नवीन घराला मी 10 टक्के म्हणते, चाळीस वर्षांच्या घराला 20. आणि हे 20 टक्के बजेटच्या वर नाही, बजेटच्या आत. म्हणजे तुमच्याकडे शंभर असतील तर काम ऐंशीचं ठरवा. लोक शंभरचं काम ठरवतात आणि वरचे वीस कुठून तरी येतील म्हणतात, मग फर्निचर अर्धवट राहतं.

मी स्वतः तोंडावर आपटलेय म्हणून सांगते. आमच्याच बाथरूमच्या फक्त टाइल्स बदलायच्या होत्या, दहा दिवसांचं काम. दुसऱ्या दिवशी प्लंबरने जुन्या लोखंडी लाइनला पाना लावला आणि पाइप त्याच्या हातात आला. तुकडा उभा धरून आत बघितलं तर गंज साचून साचून भोक एवढंसं उरलेलं की पेन्सिल जेमतेम जाईल. पाणी बारीक का येतं म्हणून मी चार वर्षं टाकीला आणि शॉवरला शिव्या घालत होते. मग काय, ती लाइन, तिच्यामुळे किचनची लाइन, त्यासाठी पॅसेजची भिंत, तिच्यावरचा रंग. एस्टिमेट काढणं हा जिचा धंदा तिने स्वतःच्या घरासाठी एक रुपया जास्तीचा धरला नव्हता, घरचे अजून ऐकवतात.

जुन्या घरात असं काय काय निघतं ते थोडक्यात. वायरिंग बारीक असते आणि कितीतरी पॉइंटला अर्थिंगच नसतं. लाइट-पंख्याला 1.5 स्क्वेअर एमएमची वायर चालते, पॉवरच्या सॉकेटला 2.5 लागते, एसी-गिझरला 4 घालतात, आणि जुन्या घरात सगळीकडे एकच ओढलेली सापडते. स्लॅबच्या खालचा गिलावा फुगलेला असेल तर नुसतं पुट्टी मारून झाकू देऊ नका. आतली सळई गंजलेली असते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा खातो म्हणून काँक्रीट फुटून बाहेर येतं. ओल कुठून येतेय हे न शोधता रंग दिला तर पुढच्या वर्षी पोपडे. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर फोडायच्या आधी ॲस्बेस्टॉस आहे का ते तपासून घ्या, त्याची धूळ फुप्फुसात गेली की कॅन्सर होऊ शकतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तपासल्याशिवाय तो कोरडा घासू देऊ नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. हे दोन्ही नीट काढायचा खर्च वेगळा असतो आणि कोटेशनमध्ये तो कधीच नसतो.

काम ठरवायच्या आधी एक करून बघा, नाणं घेऊन जुन्या टाइल्सवर ठोका. टणक आवाज आला तर खाली भरीव आहे, पोकळ आवाज आला तर टाइलने खालची पकड सोडलीये. अर्ध्या भिंती पोकळ बोलत असतील तर 'जुन्यावरच नवीन टाइल्स लावू, तोडफोडीचे पैसे वाचतील' हा सल्ला ऐकायचा नाही.

प्रश्न: किचन करायचंय पण पैसे कमी आहेत. कुठे वाचवू?

उत्तर: सिंक आहे तिथेच राहू द्या. सगळ्यात मोठी बचत हीच. ड्रेनेजला उतार लागतो, सिंक खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं की लाइन फोडा, जमीन उचला, सगळं आलंच. त्यानंतर शटरच्या, म्हणजे कपाटांच्या दारांच्या, फिनिशवर वाचवा, चकचकीत फिनिशला पैसे खूप जातात आणि बोटांचे ठसे फुकट मिळतात. सगळीकडे ड्रॉवर नकोत, ड्रॉवर शेल्फपेक्षा बराच महाग पडतो, ओट्याखाली तीन-चार बास झाले. पण बिजागऱ्या आणि चॅनलवर (ज्या पट्ट्यांवर ड्रॉवर सरकतो त्या) एक पैसा वाचवू नका, आणि सिंकखालच्या कपाटाला पाण्याला टिकणारंच प्लाय घाला. दिवसातून तीस वेळा उघडणारा ड्रॉवर सहा महिन्यांत वाकडा झाला की शटर कितीही सुंदर असो, तुम्ही त्या सुताराचं नाव काढून रडणार.

प्रश्न: हॉल आणि बेडरूममधली भिंत पाडली तर किती खर्च येईल?

उत्तर: पाडायला फार नाही येत. भिंत वजन घेणारी असेल तर मात्र खर्च पाडण्याचा नसतोच, वरचं वजन टेकवून धरायचा, बीम टाकायचा आणि परवानगीचा असतो. भिंत कुठली आहे हे गवंडी टकटक करून सांगत असेल तर ऐकू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, त्याची फी द्या, आणि तो लेखी देईपर्यंत हातोडा घरात येऊ देऊ नका.

प्रश्न: कॉन्ट्रॅक्टर निम्मे पैसे आधीच मागतोय. माणूस चांगला वाटतो. द्यावे का?

उत्तर: माणूस चांगला असेलही, पण निम्मे देऊ नका. त्याची अडचण मटेरियलची असेल तर मटेरियल दारात आल्यावर बिल बघून तेवढे द्या. बाकीचं कामाच्या टप्प्यांना बांधा. माझी सवय अशी की सुरुवातीला 10 टक्के, तोडफोड होऊन पाइप आणि वायरिंग टाकून झालं की 25, वॉटरप्रूफिंगची टेस्ट पास झाल्यावर 20, टाइल्स लागल्या की 20, फिटिंग आणि रंग झाल्यावर 15, आणि शेवटचे 10 राहून गेलेल्या बारीकसारीक गोष्टींची यादी पूर्ण झाल्यावरच. ते शेवटचे 10 टक्के हातात ठेवा, न लागणारा दरवाजा आणि गळणारा नळ त्याच पैशांमुळे दुरुस्त होतो.

टेस्ट म्हणजे काय तेही सांगते, कारण ही पायरी सर्रास गाळतात. वॉटरप्रूफिंगचा थर सुकला की ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये इंच-दोन इंच पाणी भरायचं, पातळीला पेन्सिलने खूण करायची आणि निदान 24 तास, जमलं तर 48 तास तसंच सोडायचं. मग खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं. टाइल्स त्यानंतर. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल 'मॅडम दोन दिवस वाया जातील'. जाऊ देत. पूर्ण बाथरूमच्या खर्चात वॉटरप्रूफिंग हा छोटा आयटम असतो, पण ते फसलं तर वरचं सगळं परत फोडावं लागतं आणि खालच्यांचं छतही तुमच्याच गळ्यात.

आणि एक्स्ट्रा काम, म्हणजे 'इथे अजून एक पॉइंट दे रे', 'हे कपाट जरा उंच कर', हे तोंडी सांगायचंच नाही. रेट विचारा, मेसेजवर लिहून घ्या, मग हो म्हणा. मी बघितलेल्या भांडणांत मूळ कोटेशनवरून क्वचितच भांडण झालंय, सगळी ह्या 'जरा'वरून.

प्रश्न: आत्ता रिनोव्हेशन केलं तर घर विकताना पैसे वसूल होतात का?

उत्तर: पूर्ण क्वचितच होतात. दोन वर्षांत विकायचं असेल तर गळती थांबवा, रंग द्या, नळ बदला आणि गप्प बसा. तुमच्या आवडीचं किचन नवीन माणूस पहिल्याच महिन्यात काढून टाकू शकतो. दहा वर्षं राहायचं असेल तर प्रश्नच वेगळा, मग वसुली रोज सकाळी होतेच की.

प्रश्न: काम झालं. टाइल्सचे दोन बॉक्स उरलेत, नवरा म्हणतो परत देऊन पैसे घेऊ. देऊ का?

उत्तर: एक द्या, एक ठेवा. टाइल्सच्या प्रत्येक बॅचची शेड किंचित वेगळी असते, पाच वर्षांनी एक टाइल फुटली तर तोच डिझाइन नंबर मिळाला तरी रंग जुळेलच असं नाही, आणि बऱ्याचदा डिझाइनच बंद झालेलं असतं. ठेवलेल्या बॉक्सवर मार्करने खोलीचं नाव लिहा, बॅच नंबर दिसेल असा ठेवा, आणि माळ्यावर सगळ्यात मागे नको, पुढे.