मुलीला पदवीसाठी परदेशी पाठवायचं आहे, तर दहावीनंतर आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) शाळेत घालावं का?

फक्त परदेशी जायचं म्हणून असेल तर गरज नाही. सीबीएसई किंवा एचएससी करूनही मुलं अमेरिका-इंग्लंडला जातात. जर्मनीला मात्र फरक पडतो. आपल्या बारावीवर तिथे सहसा थेट प्रवेश मिळत नाही, आधी इथे एक वर्ष पदवीचं करावं लागतं किंवा जेईई अॅडव्हान्स्ड पास लागते. आयबी डिप्लोमा योग्य विषयांसह असेल तर ही अडचण येत नाही.

आयबीत सहा विषय, प्रत्येकी ७ गुण, वर संशोधनपर निबंध आणि ज्ञानमीमांसा (थिअरी ऑफ नॉलेज) या विषयाचे मिळून ३, म्हणजे एकूण ४५. खरी कसोटी त्या ४००० शब्दांच्या निबंधाची. माझ्या भाच्याने त्यासाठी मुठा नदीच्या पाण्याच्या बाटल्या लेबलं लावून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, ताईला दह्याच्या भांड्याला जागा मिळेना! पण संदर्भ देऊन लिहायची सवय तिथे लागली आणि पुढे कॉलेजात तो चाचपडला नाही. घोकंपट्टीवर चाललेल्या मुलाची मात्र अकरावीत दमछाक होते.

फी लाखांत असते, त्यामुळे इमारत आणि स्विमिंग पूल बघून भुलू नका. शाळेत थेट विचारा: गेल्या तीन वर्षांत प्रेडिक्टेड ग्रेड (शाळेने परीक्षेआधी अंदाजाने दिलेले गुण) किती दिले आणि प्रत्यक्षात किती पडले? इंग्लंडची विद्यापीठं त्या अंदाजावरच सशर्त ऑफर देतात. इंजिनीअरिंग मनात असेल तर गणित आणि फिजिक्स हायर लेव्हललाच (म्हणजे वरच्या पातळीलाच) घ्या, ते नंतर बदलणं जड जातं.