अवस्था की प्रावस्था?

प्रश्न असा आला आहे: चकतीच्या आकाराच्या कलिल कणांच्या (द्रवात पसरून राहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या) मिश्रणांवरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. त्यात ‘फेज’ला सरळ ‘अवस्था’ म्हटलं तर काय बिघडेल? ‘प्रावस्था’ फार जड वाटतो.

जड आहे, कबूल. पण इथे त्याच्यावाचून भागत नाही. कटाच्या आमटीवर तवंग येतो. आमटी द्रव, तवंगही द्रव. अवस्था (घन, द्रव, वायू यांतली) एकच, प्रावस्था, म्हणजे वेगळे ओळखू येणारे एकजिनसी भाग, मात्र दोन.

तुमच्या विषयात तर तेल-पाण्यासारखे दोन वेगळे द्रवही नाहीत. गिब्साइट, म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, याच्या षटकोनी चकत्या द्रवात पसरलेल्या असतात. रुंदी साधारण २०० नॅनोमीटर, जाडी त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ लेकरकेरकर यांच्या गटाने यांवर बरंच काम केलं. मिश्रण योग्य तेवढं दाट असलं, तर त्याची नळी हलवून ठेवून दिली की कालांतराने दोन थर होतात. एक ध्रुवक (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी चकाकी-गाळणी) उभा नि एक आडवा धरून त्यांच्यामधून पाहिलं, तर एक थर काळा राहतो, दुसरा उजळतो. काळ्यात चकत्या कशाही वेड्यावाकड्या, म्हणजे ‘समदिक्’. उजळ थरात त्या साधारण एकाच दिशेला तोंड करून, म्हणजे ‘नेमॅटिक’. वाहतात दोन्ही. आणि चकत्यांच्या जाडीत बराच फरक असला, तर एरवी खाली असणारा नेमॅटिक थर चक्क वर येतो: पातळ चकत्या त्यात जास्त जातात, जाड्या खालच्या समदिक् थरात राहतात. आता हे ‘द्रव अवस्थेवर द्रव अवस्था तरंगते’ असं लिहाल? शिवाय ‘अवस्थांतर’ म्हटलं की मराठी वाचकाला माणसाचं अवस्थांतर आठवतं. तिथे ‘प्रावस्थांतर’च बरं.

‘नेमॅटिक’ मात्र तसाच ठेवा. १९२२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रिदेल यांनी तो ग्रीकमधल्या ‘धागा’ या अर्थाच्या शब्दावरून घेतला, पण ते धागे म्हणजे सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या रचनादोषांच्या रेषा, कण नव्हेत. ‘तंतुरूप’ लिहिलंत तर वाचक चकत्यांत दोरे शोधत बसेल.

चकत्या आणखी दाटल्या की एकावर एक रचून उभ्या राहतात. त्याला ‘स्तंभीय’ म्हणतात. ठीक आहे, पण खांब अखंड असतो. सुट्या चकत्या एकावर एक रचल्या की त्याला आपण चळत म्हणतो, नाण्यांची, भाकऱ्यांची. मी असतो तर ‘चळत-प्रावस्था’ लिहिलं असतं.