मशीन आठव्या महिन्यात, कार्ड आजच

प्रश्न : वय ३६, लोटे एमआयडीसीत नोकरी, हातात ४६,००० येतात. घरी पत्नी, दोन मुलं, आईवडील. अंगणात २००८ ची बोलेरो उभी आहे, तिचे फ्लोअर आणि फूटबोर्ड गंजून गेलेत. कामावर मी बाइकनेच जातो. गॅरेजवाला पत्र्याच्या कामाचे ९,००० सांगतो. मला वेल्डिंगची हौस आहे, म्हणून घरीच करावं म्हणतो. मिग, टिग आणि आर्क असं ‘थ्री इन वन’ मशीन २८,००० ला, कार्डावर नो कॉस्ट ईएमआयने मिळतंय. पुढे शेजारपाजारची कामं घेतली तर महिन्याला आठ-दहा हजार सुटतील. की ७,००० चं साधं आर्क मशीन पुरेल? पावसाळ्याआधी उरकायचंय. बाकी गुंतवणूक व्यवस्थित आहे. एक गॅरंटीड पॉलिसी आहे (महिना ६,०००, टॅक्सही वाचतो, तीन वर्षं झाली, हप्ता कार्डावरून जातो म्हणजे पॉइंटही मिळतात) आणि पतसंस्थेत ६०,००० ची ठेव आहे. कार्डावर १,१०,००० बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू दर महिन्याला वेळेवर भरतो.

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य शेवटचं आहे. मशीनचं नंतर बघू.

कार्डाचं व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे चार टक्क्यांच्या थोडं वर, वर्षाला पन्नासच्या जवळपास. १,१०,००० वर महिन्याचे साडेचार हजार झाले. तुमचा मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, पाच टक्क्यांच्या हिशेबाने साडेपाच हजार. त्यातले साडेचार व्याजात जातात, मुद्दल हजाराने कमी होतं आणि त्याच महिन्यात पॉलिसीचे सहा हजार परत कार्डावर चढतात. दर महिन्याला वेळेवर भरूनही कर्ज वाढतंय ते असं. वर्षाचं व्याज ५४,०००. २८,००० ची जवळजवळ दोन मशीनं तुम्ही दर वर्षी बँकेला देता आणि घरी एकही येत नाही.

दुसरी गोष्ट दुकानदार सांगणार नाही. कार्डावर बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. पॉलिसीचा हप्ता त्याच मीटरवर बसतो. हजार रुपयांमागे पाच-दहा रुपयांचे पॉइंट मिळाले असतील. त्याच हजारावर व्याज महिन्याला एक्केचाळीस रुपये.

आता पॉलिसी. एजंटने ‘दुप्पट होणार’ सांगितलं असेल, नेहमीचंच आहे. समजा वर्षाला ७२,००० दहा वर्षं भरायचे, म्हणजे ७,२०,०००, आणि विसाव्या वर्षी पंधरा लाख. ऐकायला झकास, पण परतावा काढला तर पावणेपाच टक्के. हेच पैसे पीपीएफमध्ये, आजच्या ७.१ टक्क्यांनी (दर तिमाहीला ठरतो, बदलू शकतो), त्याच वीस वर्षांत एकवीस लाख होतात. टॅक्सचं म्हणाल तर तुमचा वर्षाचा पगार साडेपाच-सहा लाख. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही. जो कर लागतच नाही तो वाचवायला तुम्ही पन्नास टक्क्यांनी पैसे उचलून पावणेपाच टक्क्यांत गुंतवताय. ज्याने हे विकलं त्याला पगाराचा आकडा माहीत होता.

आणि त्यातलं विमा संरक्षण? अशा पॉलिसीत बहुधा वार्षिक हप्त्याच्या दसपट, म्हणजे ७,२०,०००. सहा माणसांच्या घरात एकट्याचा पगार. उद्या तुम्हाला काही झालं तर घर दीड वर्षही चालणार नाही. एक कोटीची टर्म पॉलिसी (निव्वळ विमा, मुदतीअखेर काही परत मिळत नाही) तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास मिळेल. तुम्ही विचारलंत मशीनबद्दल, पण मला रात्रीची झोप उडवणारी गोष्ट ही वाटते.

तेव्हा क्रम असा. आजच बँकेच्या ॲपमधून हप्त्याचं ऑटो डेबिट थांबवा. एजंटचा फोन येईल, ‘तीन वर्षं भरलंत, आता सोडलं तर नुकसान’. त्याच्याशी वाद घालत बसू नका. कंपनीच्या शाखेत जाऊन दोन आकडे लेखी मागा, सरेंडर केली, म्हणजे आत्ताच मोडली, तर किती आणि पेडअप केली तर किती. आज सरेंडर केली तर भरलेल्या २,१६,००० मधले निम्म्याहून कमी हातात पडण्याची शक्यता जास्त. पेडअप म्हणजे पुढचे हप्ते बंद, भरलेल्याच्या प्रमाणात रक्कम मुदतीअखेर. दहातली तीन वर्षं भरलीत म्हणजे चारेक लाख. माझा कल पेडअपकडे आहे, कारण कार्ड फेडायला त्या पैशांची गरजच नाही.

पतसंस्थेतली ठेव मोडा. ‘अडीअडचणीला’ ठेवलेली आहे हे कळतं, पण पन्नास टक्क्यांचं कर्ज ही अडचणच आहे. शिवाय पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा कवच नसतं. ६०,००० कार्डावर भरले की बाकी ५०,०००. हप्त्याचे सहा हजार आणि मिनिमम ड्यूचे साडेपाच मिळून साडेअकरा हजार दर महिन्याला त्यात घातले, आणि तोवर कार्डाने पेट्रोलसुद्धा भरलं नाही, तर पाचव्या महिन्यात कार्ड कोरं. सहाव्या महिन्याच्या पैशांत थोडी भर घालून टर्म पॉलिसी. सातवा आणि आठवा महिना तुमच्या हौसेचा, तेवीस हजार रोख.

आता मशीन. ७,००० चं आर्क, म्हणजे रॉडने वेल्डिंग करणारं मशीन चांगलं असतं, पण तुमच्या कामाला नाही. गेटला, अँगलला, दोन मिलिमीटरच्या पुढच्या लोखंडाला ठीक. बोलेरोच्या फ्लोअरचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर, गंजून आणखी पातळ झालेला. त्याला बारा नंबरचा रॉड लावला की वेल्डिंग कमी आणि भोकं जास्त. पत्र्याला मिगच हवं, त्यात रॉडऐवजी बारीक वायर आपोआप पुढे सरकते. थ्री इन वनमधल्या टिगला आरगॉनचा सिलिंडर आणि बहुतेक वेळा वेगळी टॉर्च लागते. ती तुम्ही घेणार नाही, मग त्याचे पैसे कशाला? १४-१५ हजारांत गॅसशिवाय चालणारं, फ्लक्सवाली (गॅसचं काम करणारी पावडर आत भरलेली) वायर घेणारं साधं मिग मशीन मिळतं. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची भानगड नाही आणि अंगणातल्या वाऱ्यातही चालतं. शिंतोडे जास्त उडतात, ग्राइंडर मारावा लागतो. दुकानात झाकण उघडून एकच गोष्ट बघा, आतले प्लस-मायनस बदलता येतात का. या वायरला टॉर्च मायनसवर लागते. बदलता येत नसतील तर मशीन तिथेच ठेवून या.

आपोआप काळा होणारा हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, ग्राइंडर आणि वायर धरून वर पाच-सहा हजार. २८,००० च्या जाहिरातीत हे सगळं नव्हतं. घरातल्या जुन्या वायरिंगवर लावू नका, १६ अँपियरची स्वतंत्र लाइन आणि अर्थिंग करून घ्या. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं तेव्हा मशीन रुसेल, दुपारी काम करा. वेल्डिंगआधी बॅटरीची मायनस वायर काढा, आतलं मॅटिंग आणि फोम पूर्ण बाहेर काढा, बाजूला पाण्याची बादली आणि माणूस ठेवा. चॅसीला आणि डिझेलच्या टाकीजवळ मात्र हात लावायचा नाही, ते काम गॅरेजचंच.

नऊ हजारांच्या कामासाठी वीस हजारांचं मशीन, म्हणजे ही बचत नाही, हौस आहे. रोखीने केली तर माझी हरकत नाही. आठ-दहा हजारांची वरकमाई मात्र हिशेबातून काढून टाका. तुमच्या पट्ट्यात फॅब्रिकेटर कमी नाहीत, नवशिक्याकडे शेजारी येतात ते फुकट टाके मारून घ्यायला. आणि पैसे घ्यायला लागलात तर घरगुती मीटरवर धंदा चालतो का आणि किती युनिटपर्यंत, ते आधी वीज कंपनीच्या कार्यालयात विचारून घ्या. शिवाय २०२८ मध्ये गाडीला वीस वर्षं होतील. त्या वयाच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजार झालंय. किती पत्रा घालायचा ते तो खर्च धरून ठरवा.

पावसाळ्याआधीचा हट्ट सोडा. गाडी उभीच आहे, एक पावसाळा काढेल. फक्त ताडपत्री गाडीला गुंडाळू नका, आत ओल कोंडून गंज दुप्पट होतो. चार बांबू रोवून वर बांधा, मॅटिंग आत्ताच काढून पडवीत ठेवा आणि फ्लोअरला गंज खरवडून रेड ऑक्साइडचा हात मारा. डबा दोन-तीनशे रुपयांना मिळतो, रोखीने घ्या.