संपादनाचा दर सांगण्याआधी काय बोलून घ्यावं?

दादरच्या प्रकाशकाने फोनवर ‘पानामागे किती घ्याल?’ विचारलं, तर काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय. लगेच आकडा सांगू नका. आधी दहा पानं मागवा आणि घड्याळ लावून तपासा. माझ्याकडे एकदा ‘फक्त शुद्धलेखन बघा’ म्हणून एक अनुवाद आला होता. तिसऱ्या पानापासून वाक्यन् वाक्य नव्याने लिहावं लागलं, पैसे मात्र मुद्रितशोधनाचेच मिळाले. म्हणून दर शब्दांवर ठरवा (पान कधी २५० शब्दांचं असतं, कधी ४०० चं) आणि दुरुस्त्या किती वेळा करून द्याल, तेही ईमेलवर लिहून घ्या.

‘पुस्तक आल्यावर पैसे’ हे अजिबात मान्य करू नका. छपाई रखडते, तुमचं काम मात्र झालेलं असतं. काम घेण्याआधी उद्यम नोंदणी (लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी) करा, मोफत आहे. मग लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात.

पुढे स्वतःचं लेखन दिलंत तर हक्कांचं कलम दोनदा वाचा. मुदत लिहिलेली नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ५ वर्षं धरतात. ‘कायमचे सर्व हक्क’ असं असेल, तर मानधन वाढवून मागाच.