‘ती फक्त कोड लिहिते’ म्हणणाऱ्या वडिलांना

पत्र

ताई, नमस्कार. मी सिडकोत राहतो. अंबडला एका कारखान्यात बावीस वर्षं क्वालिटीला आहे. थोरली मुलगी नाशिकलाच इंजिनिअर झाली आणि सात महिन्यांपूर्वी पुण्यात एका कंपनीत लागली. चाळीसेक माणसांची कंपनी, मोबाइलवर झटपट कर्ज देणारं ॲप आहे त्यांचं. पगार ३४ हजार, शैक्षणिक कर्जाचा हप्ता साडेनऊ हजार, आणि दोन वर्षांच्या आत सोडली तर दोन लाख भरायचे, असा बाँड. मागच्या रविवारी घरी आली आणि म्हणाली, नोकरी सोडते. कर्ज घेणाऱ्याच्या फोनमधले सगळे नंबर कंपनीकडे उतरवून घ्यायचा भाग तिला करायला दिलाय. हप्ता थकला की वसुलीवाले त्याच नंबरांवर फोन करतात. ॲप प्ले स्टोअरवर नाही, लोकांना लिंक पाठवतात म्हणे. मी म्हणालो, तू फक्त कोड लिहितेस, फोन तू करत नाहीस, निर्णयही तुझा नाही. तू नाही लिहिलंस तर शेजारचा लिहील. तेव्हापासून धड बोलत नाही. धाकटा बारावीला आहे. मी आयुष्यात एकही चुकीचा लॉट सही करून सोडलेला नाही, मुलांनाही सरळच वाढवलंय. पण सरळपणावर हप्ते भरता येत नाहीत. तुम्ही तिला चार शब्द समजावून सांगा.
एक वडील, सिडको

उत्तर

सप्रेम नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. मुलीला समजवा असं तुम्ही मला सांगितलंय, पण मला आधी तुमच्याशीच बोलायचंय. राग मानू नका.

समजा, बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, साइजच्या बाहेर गेलाय, माप तपासायचं गेज बसत नाही. गाडी गेटवर लागलेली, प्रॉडक्शनवाला तुमच्या टेबलाशी उभा. तो म्हणतो, ‘साहेब, पार्ट तुम्ही थोडेच बनवलेत? तुम्ही फक्त सही करा.’ असा प्रसंग बावीस वर्षांत किती वेळा आला असेल, तुम्हीच मोजा. तुम्ही सही केली नाहीत. रात्रपाळीचा माणूस करील आणि पहाटे तोच लॉट निघूनही जाईल, हे ठाऊक असतानाही केली नाहीत. मग मुलीच्या बाबतीत ‘शेजारचा लिहील’ हे कारण कसं चालेल? शेजारचा लिहीलच, त्यात मला शंका नाही. पण त्याने लिहिलेलं त्याच्या नावावर जाईल.

माझा थोरला भाऊ सातपूरला एका कारखान्यात होता. त्याच्या तोंडून एक शब्द कायम ऐकायचे, डेव्हिएशन. पार्ट मापात नाही, तरी पाठवायचाच आहे, तर वरचा माणूस कागदावर लिहून देतो: एवढे नग, एवढा फरक, या कारणासाठी, माझ्या जबाबदारीवर. खाली सही आणि तारीख. भाऊ सांगायचा, डेव्हिएशन मागितलं की निम्म्या वेळा लॉट आपोआप रीवर्कला, म्हणजे दुरुस्तीला परत, जातो, कारण सही करायला कोणी पुढे येत नाही. हे मी विसरले होते, तुमच्या पत्राने आठवलं. तुमच्या मुलीला या घडीला राजीनाम्याआधी डेव्हिएशन मागायचंय. ते कसं, ते पुढे सांगते.

आधी तिच्या मनातल्या टोचणीबद्दल. ती वयाची लहर आहे, असं तुमच्या पत्राच्या ओळींमधून मला ऐकू आलं. पण आपल्याकडच्या कोणाच्याही फोनमधली नंबरांची यादी एकदा डोळ्यांसमोर आणा. बहिणीचे सासरे, पोराच्या वर्गशिक्षिका, पिंपळगावचा आडत्या, भिशीच्या बायका, गल्लीतला किराणावाला. पाच हजारांचा हप्ता थकला म्हणून यातल्या पन्नास जणांना फोन गेला, तर तो माणूस उद्या चौकात कसा उभा राहील? कर्ज त्याने घेतलंय, फेडायला हवं, मान्य. पण व्याह्यांपुढे अब्रू गहाण टाकायचं कबूल केलं नव्हतं त्याने. असे फोन आणि धमक्या आल्यावर माणसांनी जीव दिल्याची प्रकरणं २०२० मध्ये तेलंगणात पुढे आली. त्या डिसेंबरात हैदराबादच्या पोलिसांनी अशा ॲपवाल्यांच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, अटका केल्या. पुढच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने अभ्यासगट नेमला. भारतीयांना मिळू शकणारी सुमारे १,१०० कर्जाची ॲप त्या गटाला सापडली, त्यातली ६०० बेकायदा होती.

त्यानंतर २ सप्टेंबर २०२२ ला रिझर्व्ह बँकेचे नियम आले. त्यात स्पष्ट लिहिलंय: कर्जाच्या ॲपने फोनमधली संपर्कयादी, कॉलची नोंद, फोटो-फायली यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन एवढंच, तेही केवायसीपुरतं एकदा, ग्राहकाच्या संमतीने. मे २०२५ मध्ये हे नियम एकत्र करून पुन्हा जारी झाले. गूगलनेही २०२३ मध्ये प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना संपर्कयादी वाचायला बंदी घातली. आता तुमच्या पत्रातलं ते ‘लिंक पाठवतात म्हणे’ पुन्हा वाचा. पुढच्या दाराने आत सोडत नाहीत, म्हणून मागच्या दाराने जायचं, असाच तो प्रकार दिसतो.

म्हणजे हा नुसता नीतीचा प्रश्न उरत नाही, हा नियमाबाहेर गेलेला बोअर आहे. तुम्हाला कळेल त्या भाषेत सांगायचं तर टॉलरन्सचा, म्हणजे मापात किती फरक चालेल याचा, वाद संपलाय.

‘निर्णय तिचा नाही’ हेही तितकंसं सोपं नाही. तुम्ही वाहनांचे पार्ट तपासत असाल तर फोक्सवॅगनचं प्रकरण ऐकलं असेल. गाडी चाचणीच्या यंत्रावर आहे की रस्त्यावर, हे ओळखणारं सॉफ्टवेअर त्यांनी डिझेल गाड्यांत घातलं होतं. चाचणीत धूर स्वच्छ, रस्त्यावर नाही. जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. सप्टेंबर २०१५ मध्ये हे उघड झालं. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने जेम्स लियांग या इंजिनिअरला ४० महिन्यांची कैद आणि दोन लाख डॉलर दंड ठोठावला. तो मालक नव्हता, संचालकही नव्हता. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न यांच्यावरचा जर्मनीतला फौजदारी खटला प्रत्यक्ष उभा राहायला मात्र सप्टेंबर २०२४ उजाडला. मुलीला घाबरवायला हे सांगत नाहीये, तिला ते आधीच कळलेलं दिसतंय. हे तुमच्यासाठी आहे. ‘वरच्यांनी सांगितलं’ म्हणणाऱ्याची पाळी पुष्कळदा वरच्यांच्या आधी येते.

पण म्हणून त्या कंपनीतला प्रत्येक जण सारखाच दोषी, असं मी म्हणणार नाही. पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर सांभाळणारा, ॲपचे रंग ठरवणारी मुलगी, चहा आणणारा पोरगा, आणि नंबर उतरवून घेणारा भाग लिहिणारी, या सगळ्यांना एका तराजूत घालणं अन्याय आहे. मी दोनच गोष्टी पाहते. नुकसान होतं त्या जागेपासून हात किती जवळ आहे, आणि माणसाला ते माहीत आहे का. सहा महिने तिला माहीत नव्हतं, त्याचं ओझं तिने घेऊ नये, हे तिला माझ्याकडून जरूर सांगा. आता माहीत आहे, आणि हात अगदी त्याच जागी आहे. म्हणून तो एक भाग तिने लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नोकरी सोमवारी सोडावी असं मात्र नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुम्ही बापलेक भांडलात ते त्या एकच धरल्यामुळे.

तिने काय करावं? मॅनेजरला कंपनीच्याच मेलवरून चार ओळी लिहाव्यात. आवाज चढवायचा नाही, नीतीचं प्रवचन नको. ‘संपर्कयादी घेण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत याला मनाई दिसते. हे कसं करायचं, आणि याला कोणाची मंजुरी आहे, हे कृपया लेखी कळवावं. तोवर मी दुसरं काम घेते.’ झालं. हेच ते डेव्हिएशन. तोंडी ‘अगं कर गं, काही होत नाही’ म्हणणारा माणूस लिहून द्यायची वेळ आली की विचारात पडतो. कधी काम गुपचूप दुसऱ्याकडे जातं, कधी बारगळतं. कधी त्रास सुरू होतो, हेही खरं, ते लपवत नाही.

एकटीने विचारण्यापेक्षा टीममधल्या दोघातिघांनी विचारलं तर बरं. २०१८ मध्ये गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी लष्करी ड्रोनच्या चित्रीकरणाशी संबंधित एका कंत्राटाविरुद्ध सह्या केल्या, आणि कंपनीने ते पुढे वाढवलं नाही. पण त्याच कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये इस्रायल सरकारबरोबरच्या कंत्राटाविरुद्ध कार्यालयात धरणं धरल्यावर २८ जणांना एका झटक्यात काढलं, मग आणखी काहींना. तेव्हा संख्येच्या जिवावर फार उड्या मारू नयेत.

एक गोष्ट तिने अजिबात करू नये, आणि हे आजच फोन करून सांगा. पुरावा म्हणून ग्राहकांचे नंबर, कंपनीचा कोड, काहीही पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या मेलवर घ्यायचं नाही. परवानगीशिवाय डेटा उचलणं माहिती तंत्रज्ञान कायद्यात गुन्हा ठरू शकतं, आणि मग चोर सोडून संन्याशाला फाशी. साध्या वहीत तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, एवढं रोज लिहावं. आपल्या हस्ताक्षरातली वही पुरेशी कामाची असते.

बाहेर तक्रार करायची की नाही, हे तिचं तिने ठरवावं. त्यासाठी तिला कोणी भाग पाडू नये, तुम्ही नाही आणि मीही नाही. आपल्याकडे जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण तो सरकारी सेवकांच्या भ्रष्टाचारासारख्या गैरप्रकारांपुरता. खासगी नोकरीतल्या मुलीला त्याचा आधार नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना आतल्या तक्रारीची सोय ठेवावी लागते, चाळीस माणसांच्या कंपनीत बहुधा मालकच एचआर असतो. करायचीच झाली तर रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ पोर्टल आहे, सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा फोन नंबर आहे. आधी वकिलाला भेटून मगच.

तुम्ही स्वतः एक काम करा. नियमातल्या बँका आणि वित्तसंस्था ज्या ॲपमधून कर्ज देतात, त्यांची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. मुलीच्या कंपनीचं ॲप त्यात आहे का बघा. नसेल तर पुढचं बोलणंच सोपं होतं. असेल तरी ते चोख असल्याचं प्रमाणपत्र समजू नका, संस्थांनी दिलेली माहिती तिथे मांडलेली असते, इतकंच.

बाँडचं. कॉलेजातले मित्र तिला म्हणत असतील, बाँड म्हणजे रद्दी. तसं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचाच बाँड वैध ठरवलाय. पण तिथे भरतीचा खर्च, सरकारी बँकेची गरज असा सगळा विचार होता. प्रशिक्षण म्हणून दोन दिवस यूट्यूब दाखवणाऱ्या कंपनीला तेच लागू होईल असं नाही. शिवाय बेकायदा कामासाठीचा करार करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे टिकत नाही. तिने विचारलेला तो मेल इथे उपयोगी पडेल, म्हणून तो आधी, राजीनामा मागून. मूळ गुणपत्रिका कंपनीकडे ठेवल्यात का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ठेवल्या असतील तर ते मला आधी कळवा.

पैशाचं गणित मी टाळत नाही. तिने आजपासून दुसरी नोकरी शोधायला लागावं आणि दोन-तीन महिने धरून चालावं. सात महिन्यांचा अनुभव कमी असला तरी शून्य नाही. मुलाखतीत जुन्या कंपनीला शिव्या द्यायच्या नाहीत. ‘जे काम आलं ते नियमात बसत नव्हतं, मी लेखी विचारलं, उत्तर आलं नाही’ एवढंच सांगावं. हे ऐकून ज्याचा चेहरा पडेल, त्याच्याकडे तिने जाऊच नये. मधल्या काळात हप्ता अडेल असं वाटलं तर थकायच्या आधी बँकेत जाऊन बोला, नंतर नाही. आणि घरी सांगताना ‘तुझ्यामुळे धाकट्याची फी’ हे वाक्य वापरू नका. वापरलं असेल, असा मला संशय आहे.

एक कबुली देऊन टाकते. मी पूर्वी एका कॉलेजात प्लेसमेंटचं काम पाहायचे. निवड झालेल्या मुलांची नावं आणि पॅकेजचे आकडे फळ्यावर लिहायचे, पालक फोटो काढायचे. एका वर्षी अकरा मुलं एका कंपनीत लावली. ती कंपनी म्हाताऱ्या माणसांना फोन करून नको त्या पॉलिसी गळ्यात मारायची, हे मला त्यातल्याच एका मुलाने दोन वर्षांनी देवळाली कॅम्पातल्या बेकरीत भेटल्यावर सांगितलं. ‘मॅडम, तुम्ही विचारलं नव्हतं का, ते काय करतात ते?’ मी पॅकेज विचारलं होतं. बाकी काही नाही. तेव्हापासून माझ्याकडे ऑफर लेटर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच असतो: या कंपनीला पैसे कोण देतं, आणि कशाबद्दल?

तुमच्या मुलीने तो प्रश्न सातव्या महिन्यात स्वतःच शोधून काढला. मला बरीच वर्षं लागली.

पुढच्या रविवारी ती येईल तेव्हा करारपत्र आणि ऑफर लेटर घेऊन दोघं माझ्याकडे या, मी सकाळी दहापासून असते. त्याआधी शनिवारी रात्री, जेवणं झाल्यावर, डेव्हिएशनच्या कागदावर कोणकोणते रकाने असतात ते तिला वहीत काढून दाखवा. भावाकडून ऐकलंय तेवढंच मला येतं, तुम्हाला ते पाठ असेल. तिचा मेल त्यावरूनच लिहू.